निळूभाऊंची आठवण : दर जुलैत मला विचारले जाणारे प्रश्न

१३ जुलै जवळ आला की घरातले भाचे-पुतणे, गल्लीतली पोरं, नवीन लग्न होऊन आलेल्या वहिन्या सगळे मला तेच तेच विचारतात, आणि मी ओट्यावर बसून दरवेळी पहिल्यापासून सांगत बसतो. यंदा म्हटलं एकदाच नीट लिहून ठेवू, ज्याला पाहिजे त्याने वाचावं. आमचं गाव अमळनेर तालुक्यातलं, बोरी नदीच्या काठचं, त्यामुळे जे लिहिलंय ते इथूनच बघून लिहिलंय.

निळू फुले नेमके कोण? आम्ही तर फक्त त्यांची मिमिक्री बघितलीय.

पूर्ण नाव नीळकंठ कृष्णाजी फुले. जन्म १९३०चा, गेले १३ जुलै २००९ ला पुण्यात. मराठी सिनेमातला सगळ्यात मोठा खलनायक असं लोक म्हणतात आणि ते खरंय, पण तेवढंच म्हणून थांबलं की मला फार वाईट वाटतं. सिनेमात आले १९६८ साली, अनंत मानेंच्या ‘एक गाव बारा भानगडी’त, त्यातले झेलेअण्णा. त्याआधी लोकनाट्य करायचे, ‘कथा अकलेच्या कांद्याची’ने नाव झालं. आणि त्याच्याही आधी पुण्यात आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजच्या बागेत माळी होते. पगार ८० रुपये, त्यातले १० रुपये दर महिन्याला राष्ट्र सेवा दलाला, म्हणजे समाजवादी विचारांच्या तरुणांच्या संघटनेला, द्यायचे. ८० मधले १०. आता आपापल्या पगाराचा आठवा हिस्सा काढून बघा, मग कळेल मी यांच्यासाठी एवढा का बोलतो.

ते तर पुण्याचे, मग खानदेशात त्यांचं एवढं काय?

हा प्रश्न मला आवडतो, कारण उत्तर आपल्या अमळनेरातूनच जातं.

साने गुरुजी १९२४ ते १९३० आपल्या अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, हे इथल्या प्रत्येक पोराला माहिती असतं, निदान असायला पाहिजे. राष्ट्र सेवा दलाच्या पोरांवर ज्या माणसांचा सगळ्यात जास्त संस्कार झाला त्यात गुरुजी पहिल्या रांगेत. ‘खरा तो एकची धर्म’ म्हणत मोठी झालेली जी पिढी होती ना, त्या पिढीतले निळूभाऊ. सेवा दलाच्या कलापथकात त्यांनी काम केलं, तिथंच नाटकाची गोडी लागली. म्हणजे पडद्यावर जो माणूस गरिबाची जमीन गिळायचा, बाईच्या अब्रूवर हात टाकायचा, तो खऱ्या आयुष्यात गुरुजींच्या वाटेवरचा. मला हे कळलं तेव्हा मी कॉलेजला होतो आणि दोन दिवस डोक्यातून जात नव्हतं.

दुसरं म्हणजे जत्रा. वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा भरते, बोरीच्या वाळवंटात पाळणे, दुकानं, आणि तेव्हा टुरिंग टॉकीजचे तंबूही यायचे. पुण्या-मुंबईच्या लोकांनी निळूभाऊ थिएटरात खुर्चीवर बसून बघितले असतील, आम्ही वाळूवर बसून बघितले.

तू पहिल्यांदा कधी बघितलं त्यांना?

त्याच तंबूत, आणि उलटे.

तंबूत पडदा मधोमध असायचा आणि गर्दी झाली की माणसं दोन्ही बाजूला बसायची. आम्ही उशिरा पोचलो, म्हणून पडद्याच्या मागच्या बाजूला जागा मिळाली. तिकडून चित्र दिसतं पण सगळं उलटं, पाट्यांची अक्षरं उलटी, टोपी तिरपी असेल तर दुसऱ्याच बाजूला तिरपी. बाहेर डिझेल इंजिन धडधडतंय, वाळू अजून दिवसभराच्या उन्हाने गरम, आणि पडद्यावर एक माणूस पांढऱ्या धोतरात हळूच मान वळवतो आणि नुसतं बघतो. काहीच बोलत नाही. माझ्या शेजारी मोठी माय बसली होती, म्हणजे माझी आजी, तिने माझा हात गच्च धरला आणि आमच्या अहिराणीत म्हणाली, “उना का मुडदा!” म्हणजे आला का मेला!

पिक्चरचं नाव मला तेव्हाही वाचता आलं नाही, उलटं होतं ना. पण तो चेहरा बसला तो बसलाच.

आजी खरंच शिव्या द्यायची का त्यांना?

द्यायची. आणि फक्त आमचीच नाही, गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या. टीव्हीवर ते दिसले की बोटं मोडायच्या, “हाऊ मानूस चांगला नही शे” म्हणायच्या, एक आजीबाई तर टीव्हीकडे पाठ करून बसायच्या आणि ते पडद्यावरून गेले का म्हणून आम्हाला विचारायच्या, आम्ही “गये” म्हटलं की मगच वळायच्या. आता हसू येतं पण मला वाटतं की याच्याइतकं मोठं बक्षीस कुठल्या नटाला मिळालं नसेल. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना १९९१ ला मिळाला, तो मोठाच आहे, पण या बायकांनी त्यांचं काम जेवढं खरं मानलं तेवढं खरं कोण मानतं!

त्या बायकांना असला माणूस माहिती होता हो. त्यांनी तो गावात बघितलेला होता. राग त्याच्यावर होता, पण त्याच्यासमोर बोटं मोडता येत नव्हती, ती टीव्हीसमोर मोडायच्या.

मग खऱ्या आयुष्यात कसे होते?

एकदम साधे. चळवळीतला माणूस. डॉ. श्रीराम लागू, बाबा आढाव, नरेंद्र दाभोलकर या सगळ्यांबरोबर उभा राहिलेला माणूस. सामाजिक कृतज्ञता निधीचं नाव ऐकलं नसेल तर ऐका, पूर्णवेळ सामाजिक काम करणारे जे कार्यकर्ते असतात, ज्यांना पगार नाही, पेन्शन नाही, त्यांना महिन्याला थोडं मानधन मिळावं म्हणून हा निधी उभा केला. पैसा कुठून आणायचा? तर या नटांनी आचार्य अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग लावले, गावोगाव फिरले, आणि जमलेला पैसा निधीला दिला. त्यात लागू होते, निळूभाऊ होते, अजून कितीतरी मोठी नावं होती.

अंधश्रद्धेच्या विरोधात पण उघड बोलायचे. नट म्हटलं की लोकांना खूश ठेवावं लागतं, तरी बोलायचे.

‘बाई वाड्यावर या’ कोणत्या पिक्चरमध्ये आहे?

हात जोडून सांगतो, हा प्रश्न मला विचारू नका. हे वाक्य मिमिक्रीवाल्यांनी घराघरात नेलं, आता लग्नाच्या स्टेजवर, गॅदरिंगला, रीलमध्ये, जिथं बघावं तिथं तेच. आवाज घोगरा केला, मान वाकडी केली, हे वाक्य म्हटलं, झाले निळू फुले. आणि ज्या माणसाने आयुष्यभर बायकांच्या बाजूने उभं राहायचं काम केलं त्याच्या नावावर पोरं आता पोरींना छेडतात. मागे आमच्या इथे एका वरातीत एका पोराने नवरीच्या मैत्रिणीला बघून हेच वाक्य मारलं आणि सगळे हसले. मी त्याला बाजूला घेतलं, रागावलो नाही, फक्त ८० रुपयातले १० सांगितले. ऐकून घेतलं त्याने, गप्प उभा राहिला.

मिमिक्रीचा राग नाही मला. मन लावून केली तर मी पहिला टाळी वाजवतो.

त्यांच्या ॲक्टिंगमध्ये असं काय होतं? आम्हाला तर हळू बोलणारा व्हिलन दिसतो.

तेच तर! हळू बोलणं. त्या काळातले बाकीचे खलनायक बघा, डोळे मोठे, आवाज मोठा, हसणं गडगडाटी. निळूभाऊंचा पाटील आवाज चढवत नाही कारण त्याला गरजच नाही, गाव त्याचंच आहे. ज्याच्या हातात सत्ता असते तो ओरडत नाही, “बसा ना, चहा घ्या” म्हणतो आणि समोरच्याचे पाय लटपटतात. हे त्यांनी कुठून उचललं असेल? फिरून, बघून. लोकनाट्य करणारा माणूस गावोगाव मुक्काम करतो, ज्याच्या वाड्यात जेवतो त्याला जवळून बघतो.

एक करा, कुठल्याही पिक्चरमध्ये ते दुसऱ्याचं ऐकत असतात तो सीन काढा आणि आवाज बंद करून फक्त त्यांच्याकडे बघा. पापणी कधी लवते, ओठ कधी दाबतात, मान कधी एवढीशी हलते. समोरचा बोलतोय आणि हे मनात हिशोब करतायत हे कळतं. पोरांनो, दहा वेळा बघा.

फक्त खलनायकच केले का?

नाही! १९७९ चा ‘सिंहासन’ बघा. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरून तेंडुलकरांनी लिहिलेला, डॉ. जब्बार पटेलांचा. त्यात निळूभाऊ पत्रकार आहेत, दिगू टिपणीस. मंत्र्यांच्या खुर्च्यांचा सगळा खेळ हा माणूस बघतो, सगळं समजतं त्याला, आणि करता काहीच येत नाही. शेवटी रस्त्यावर वेड्यासारखा हसत सुटतो. ते हसणं मी एकदा रात्री बघितलं आणि झोप लागली नाही.

नाटकात ‘सखाराम बाइंडर’, १९७२. तेंडुलकरांचं नाटक, दिग्दर्शक कमलाकर सारंग, चंपा लालन सारंग आणि सखाराम निळूभाऊ. सेन्सॉरने अडवलं, सारंग कोर्टात गेले, केवढा गदारोळ झाला महाराष्ट्रात. सखाराम वाईट का चांगला हे तुम्ही ठरवूच शकत नाही, असं काम होतं म्हणतात ज्यांनी बघितलं ते. आपल्या नशिबी नव्हतं.

हिंदीत का नाही गेले?

गेले ना. महेश भट्टच्या ‘सारांश’मध्ये (१९८४) पुढारी गजानन चित्रे तेच. अमिताभबरोबर ‘कुली’त पण होते. पण मन मराठीत आणि चळवळीत होतं.

नवीन माणसाने कुठून सुरुवात करावी?

लोक म्हणतात ‘पिंजरा’पासून, १९७२ चा, शांतारामबापूंचा, गाणी आहेत, रंगीत आहे, बघायला सोपा. चालेल. पण माझं ऐकाल तर सरळ ‘सामना’ लावा. पहिली पंधरा मिनिटं जड जातील, मोबाईल बाजूला ठेवा.

लहान पोरांना दाखवताना सोबत बसा, मध्ये थांबवून समजावून सांगा. आठवी-नववीच्या पुढचं पोरगं असेल तर काही अडचण नाही.

‘सामना’त एवढं काय आहे? तू दरवर्षी तोच लावतो.

१९७५ चा पिक्चर. लिहिलाय विजय तेंडुलकरांनी, जब्बार पटेलांचा पहिला सिनेमा, बर्लिनच्या फिल्म फेस्टिव्हलला गेला होता. हिंदूराव धोंडे पाटील म्हणून एक साखरसम्राट आहे, कारखाना त्याचा, माणसं त्याची, सगळा इलाखा त्याचा, ते निळूभाऊ. आणि गावात एक मास्तर येतो, दारू पिणारा, कधीकाळी स्वातंत्र्याच्या लढ्यात असलेला, तो श्रीराम लागू. हिंदूराव त्याला घरी आणतो, खाऊपिऊ घालतो, आपलं साम्राज्य दाखवतो. आणि मास्तर एकच गोष्ट विचारत राहतो, मारुती कांबळेचं काय झालं?

बस. एवढाच प्रश्न. पण तो प्रश्न जसजसा परत येतो तसतसा हिंदूरावचा चेहरा बघा. पहिल्यांदा ऐकतो तेव्हा सहज झटकतो, नंतर हसून बोलतो, नंतर हसणं राहतं आणि डोळे बदलतात. गरीब मास्तर एका दांडग्या माणसाला नुसत्या प्रश्नाने पोखरतो आणि निळूभाऊ ते पोखरणं आपल्याला आतून दाखवतात. तुम्हाला हिंदूरावची कीव येते एका क्षणी! आणि मग स्वतःचाच राग येतो की कीव कशी आली. ‘कुणाच्या खांद्यावर कुणाचे ओझे’ हे गाणं पण याच पिक्चरचं, आरती प्रभूंचं, रवींद्र साठ्यांनी गायलेलं, आवाज मोठा करून ऐका.

आणि आपल्या लोकांसाठी अजून एक, यात स्मिता पाटील पण आहे. शिरपूरच्या शिवाजीराव पाटलांची लेक, आपल्या धुळे जिल्ह्याची. काम छोटंसं आहे पण ती दिसली की आमच्या ओसरीत कोणीतरी हमखास म्हणतंच, “आपली पोर शे.”

१३ जुलैला तुम्ही घरी नेमकं काय करता?

फार काही नाही. फोटोला हार-बिर घालत नाही, त्यांना आवडलं नसतं असं मला वाटतं. संध्याकाळी निंदणीवरून, शेतातून सगळे आले, हातपाय धुतले की ओसरीत टीव्ही आणतो, सतरंजी टाकतो, भत्ता करतो मोठ्या परातीत, मुरमुरे, शेव, कांदा, मिरची, वरून शेंगदाणे. घरची माणसं आणि शेजारची दोन घरं. पिक्चर संपल्यावर चहा आणि मग गप्पा, त्या कधी कधी बारापर्यंत चालतात.

त्यात एक नियम मी केलाय, त्या दिवशी प्रत्येकाने आपल्या कमाईतून काहीतरी बाजूला काढायचं, दहा रुपये असू दे नाहीतर शंभर, आणि जमलेलं गावातल्या एखाद्या पोराच्या वह्या-पुस्तकाला द्यायचं. नाव सांगायचं नाही कोणाला दिलं ते.

आम्हाला चौकात मोठा पडदा लावून दाखवायचाय, चालेल का?

घरात बघणं वेगळं आणि चौकात सगळ्या गावाला दाखवणं वेगळं. सार्वजनिक दाखवायचं असेल तर पिक्चरचे हक्क ज्याच्याकडे आहेत त्याची परवानगी लागते, लाऊडस्पीकर असेल तर पोलिसांची पण. आणि जुलैत पाऊस कधी येईल सांगता येत नाही, तेव्हा शाळेचा हॉल किंवा मंदिराचा सभामंडप बघा. एवढी खटपट जमणार नसेल तर पाच घरांनी मिळून एका ओसरीत बसा, मजा तीच.

ते गेले तेव्हा गावात काय झालं होतं?

सोमवार होता. सकाळी टीव्हीवर बातमी आली. अन्ननलिकेचा कॅन्सर होता, आजारी होते हे माहिती होतं तरी धक्का बसला. मी चहा पीत होतो, मोठी माय माझ्यासमोर बशीत चहा ओतत होती. मी म्हटलं, मोठी माय, निळू फुले गये. तिला नाव कळलं नाही, तिला नाव कधी माहितीच नव्हतं. मग टीव्हीवर फोटो दाखवला. तिने बशी खाली ठेवली.

“त्याना घरमां कोन शे रे?” एवढंच विचारलं.

मी म्हटलं बायको आहे, मुलगी आहे. ती बराच वेळ काही बोलली नाही. बशीतल्या चहावर साय धरली. ज्या माणसाला इतकी वर्षं मुडदा म्हणाली त्याच्यासाठी त्या दिवशी तिने चहा घेतला नाही.

तुझे वडील ‘सामना’ अर्धा सोडून उठतात म्हणे, ते का?

हा प्रश्न पोरं दबकत विचारतात, म्हणून शेवटी ठेवला. नानांना विचारून लिहितोय.

नाना एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, काट्यावर होते, कापसाच्या गाड्या मोजायचं काम. तिथला कारभार बघणारा एक पुढारी होता, नाव नाही घेत, आता तो पण नाही. गोड बोलायचा, कधी आवाज चढवला नाही, शेतकऱ्याच्या पोरीच्या लग्नाला पहिला आहेर त्याचा असायचा. मी लहान असताना टीव्हीवर ‘सामना’ लागला तेव्हा आम्ही सगळे बघत होतो, आणि मास्तर हिंदूरावला विचारतो तिथं नाना उठले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. आईला वाटलं तब्येत बरी नाही. नंतर मी दरवर्षी लावायला लागलो तरी तेच, बरोबर त्याच ठिकाणी उठायचे, पाणी प्यायच्या निमित्ताने, आणि पिक्चर संपेपर्यंत आत यायचे नाहीत. मी कधी विचारलं नाही.

मागच्या वर्षी उठले नाहीत. भिंतीला टेकून शेवटपर्यंत बसले, भत्त्याला हात लावला नाही. सगळे गेल्यावर मी सतरंजी गुंडाळत होतो तर म्हणाले, थांब. म्हणाले, तो पण असाच बघायचा रे, निळू फुलेसारखा, काही न बोलता, आणि मला कळायचं काय लिहायचं ते. गाडीमागे पाच किलो कमी लिहायचो. अकरा वर्षं.

मग म्हणाले, तू ते प्रश्न-उत्तरं लिहितोय ना, त्यात लिही हे. मी म्हटलं नाना, कशाला. तर म्हणाले, लिही, पाच किलो.